मुलगा १३ वर्षांचा, सारखा चिडतो, टेस्टोस्टेरॉनची टेस्ट करावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १३ वर्षं ८ महिन्यांचा, आठवीत. सात-आठ महिन्यांपासून उलट बोलतो, खोलीचं दार लावून बसतो, रात्री साडेबारा-एकपर्यंत जागा आणि सकाळी ६ ला उठवताना रोज भांडण कारण शाळा ७ ची. परवा बाबा त्याला ओरडले आणि त्यानंतर तो धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून गेला. मिस्टर म्हणतात हार्मोन्स आहेत, वय आहे, सोडून दे. दीर म्हणतात लॅबचं साडेतीन हजारांचं हार्मोन पॅकेज आहे ते करा, टेस्टोस्टेरॉन जास्त निघालं तर कमी करायचं औषध मिळेल. तुम्ही विचारताय करू का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीत २३ वर्षं प्रॅक्टिस, आणि त्यातली शेवटची १५ वर्षं जास्त करून मुलांच्या हार्मोनच्याच केसेस बघते. पॅकेज करू नका, एवढं आधीच सांगते. पण मिस्टरांचं "सोडून दे" पण मला पटत नाही. दोघांनी एकच शब्द वापरलाय, एकाला त्यावर औषध हवंय आणि दुसऱ्याला तो शब्द आला की विषय संपला असं वाटतंय. खरा प्रश्न असा आहे की हा वयाचा बदल आहे की आजार, आणि वयाचा असेल तर तो कुठल्या वाटेने मुलाच्या वागण्यात येतोय. वाट कळली की घरी करण्यासारखं बरंच काही निघतं.

आधी टेस्टबद्दल. टेस्टोस्टेरॉन म्हणजे मुलाला पुरुष बनवणारं हार्मोन. वयात येण्याच्या सुरुवातीच्या काळात ते मुख्यतः रात्री झोपेत तयार होतं, सकाळी जास्त असतं आणि दुपारपर्यंत बरंच उतरतं, त्यामुळे दुपारी ४ वाजता रक्त दिलं तर आकडा वेगळा आणि सकाळी ८ ला दिलं तर वेगळा. शिवाय तुमच्या मुलाच्या वर्गात त्याच वयाची दोन मुलं घेतली, एक नुकताच वयात यायला लागलेला आणि एक मिशी फुटलेला, तर दोघांच्या आकड्यात दहा-वीस पट फरक असू शकतो आणि दोघंही अगदी नॉर्मल. रिपोर्टवर छापलेली रेंज बऱ्याचदा मोठ्या पुरुषांची असते, मग "लो" असं ठळक अक्षरात येतं आणि आईबाप घाबरून माझ्याकडे पळत येतात. मी तो रिपोर्ट बाजूला ठेवते आणि मण्यांची माळ काढते. हो, खरंच माळ असते आमच्याकडे, १ पासून २५ मिलीपर्यंत मापाचे १२ मणी, त्याच्याशी वृषणाचा आकार ताडून बघायचा. ४ मिलीचा मणी जुळला म्हणजे वयात येणं सुरू झालं. मुलांमध्ये हे ९ ते १४ या वयात कधीही होऊ शकतं, मुलींमध्ये ८ ते १३. हे दोन मिनिटांत कळतं, पोरगा थोडा लाजतो एवढंच, आणि बहुतेक वेळा त्याला कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त अर्थ असतो.

आता मुख्य मुद्दा, टेस्टोस्टेरॉन वाढलं म्हणून मुलगा भांडखोर झाला का. एक गोष्ट सांगते, ओपीडीत सांगितली की आया चकित होतात. मुलगा जन्मल्यावर एक ते तीन महिन्यांच्या काळात त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वयात येऊ लागलेल्या मुलाइतकं चढतं, मग सहा महिन्यांपर्यंत खाली येतं आणि मेंदू त्याला पुढची आठ-दहा वर्षं दाबून ठेवतो. तुमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना तेवढंच टेस्टोस्टेरॉन घेऊन तुमच्या कुशीत दूध पीत होता. म्हणजे नुसत्या हार्मोनने वागणं ठरत नाही, तो कुठल्या वयाच्या मेंदूवर आणि कुठल्या परिस्थितीत काम करतोय यावर सगळं अवलंबून.

शाळेच्या पुस्तकात आपण हार्मोनला संप्रेरक म्हणायचो, मला तो शब्द फार आवडतो. प्रेरणा देणारा, म्हणजे ढकलणारा. १९०५ मध्ये स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हार्मोन हा शब्द आणला तोही चेतवणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच. त्याच्याही आधी, १८४९ मध्ये जर्मनीत बर्थोल्डने कोंबड्यांवर प्रयोग केला होता. वृषणं काढली की कोंबडा आरवणं, भांडणं, कोंबड्यांच्या मागे लागणं सोडून देतो, तुरा पण नीट वाढत नाही, आणि तीच वृषणं पोटात दुसरीकडे बसवली की सगळं परत येतं. तेव्हा कळलं की रक्तातून काहीतरी मेंदूपर्यंत जातंय. पण लोक तिथेच थांबले, हार्मोन चढला की भांडण, उतरला की शांती असा सरळ हिशोब. माणसांमध्ये टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याचा आणि मारामारीचा संबंध बघायला गेलं तर तो फारच कमजोर निघतो. जास्त नीट दिसतं ते हे की टेस्टोस्टेरॉनमुळे "माझा मान" या गोष्टीची किंमत वाढते. कोण मला कमी लेखतंय, कुणासमोर माझी फजिती झाली, याला मेंदू जास्त तिखट उत्तर देतो. ही झाली पहिली वाट, मानाची.

१९७० च्या दशकात टॅलापॉइन नावाच्या छोट्या माकडांवर काम झालं होतं. कळपातल्या नरांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ते वरच्या नंबरच्या नराशी भांडत नव्हते, क्रम तसाच राहिला, पण आपल्या खालच्यांना जास्त त्रास द्यायला लागले. तुमची परवाची गोष्ट वाचली आणि मला हेच आठवलं. बाबा ओरडले, कुणासमोर ओरडले ते तुम्ही लिहिलं नाहीत पण माझा अंदाज आहे की बहीण तिथेच होती, आणि राग वर जाऊ शकत नाही म्हणून खाली गेला. माकड आणि मुलगा एक नाही हे मलाही कळतं, आणि बहिणीवर हात उचलणं चूकच, ते त्याला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण सगळ्यांसमोर नको. बहिणीला आधी सांभाळा, मग त्याला नंतर, एकट्याला, शांतपणे. मिस्टरांना माझ्याकडून एवढंच सांगा की या वयाच्या मुलाला चारचौघांत, विशेषतः धाकट्या भावंडासमोर झापायचं नाही. ज्या घरांनी हे एक पाळलं तिथे महिन्या-दोन महिन्यांत फरक पडलेला मी खूपदा बघितलाय.

दुसरी वाट झोपेची, आणि तुमच्या केसमध्ये मला हीच सगळ्यात मोठी वाटते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं झोपेचं हार्मोन वाढायला लागतं आणि झोप येते. वयात येताना हे वाढणं एक ते दोन तास उशिरा सुरू होतं. म्हणजे जो मुलगा पाचवीत असताना साडेनऊला पेंगायचा त्याला आता साडेअकरापर्यंत झोप येतच नाही, तो नाटक करत नाहीये. त्यात या वयाचे डोळे रात्रीच्या उजेडाला जास्त संवेदनशील असतात, म्हणजे मोबाईलचा प्रकाश मेलाटोनिन अजून मागे ढकलतो. आणि झोपेची गरज मात्र ८ ते १० तास आहेच. आता हिशोब करा, साडेबाराला झोप, ६ ला उठणं, साडेपाच तास. आठवड्याचे पाच-सहा दिवस तीन-तीन तास कमी झोपलेला मोठा माणूसही सकाळी नीट बोलणार नाही, आणि आपण नेमकं त्याच वेळी त्याला उठ, आवर, दप्तर भरलंस का करतो. तुमची बरीचशी भांडणं सकाळी ६ ते पावणेसात आणि रात्री ११ नंतर होतात का ते आठवून बघा. तसं असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही, मान्य. मला यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, लहान मुलांसाठी चांगलंच झालं. पण लहान मूल रात्री ९ ला झोपून सकाळी ६ ला स्वतःहून उठू शकतं, आठवी-नववी-दहावीच्या मुलाचं शरीर ते करूच शकत नाही, आणि सकाळच्या अधिवेशनात बऱ्याच ठिकाणी तीच मुलं असतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असा कायदाच आहे. आपल्याकडच्या पालकसभेत हा विषय काढायला हवा, मी जिथे बोलावतात तिथे काढते.

तोपर्यंत घरी काय करायचं तर मोबाईल रात्री १० नंतर खोलीत नको, पण फक्त त्याचा नाही, सगळ्यांचे मोबाईल हॉलमध्ये एका जागी चार्जिंगला, बाबांचा पण, नाहीतर परत मानाचा प्रश्न येतो. झोपायची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणायला जाऊ नका, दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं. सकाळी उठल्यावर १०-१५ मिनिटं गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात, चहा तिथेच द्या हवा तर. रविवारी झोपू दे, पण रोजच्यापेक्षा तास-दीड तासाहून जास्त नको, १२ वाजेपर्यंत झोपला की सोमवारचं घड्याळ परत बिघडतं. आणि क्लास रात्री साडेनऊला सुटत असेल, मग जेवण, मग होमवर्क, तर आधी तो क्लास बदलता येतो का बघा. बरेच पालक इथे गप्प होतात. पण साडेपाच तास झोपून केलेला क्लास डोक्यात राहत नाही हो.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. दार लावून बसतो याचं कारण कधी कधी शरीरात असतं. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांना छातीत निप्पलच्या मागे दुखरी गाठ येते, कधी एका बाजूला कधी दोन्ही. हार्मोनचं प्रमाण थोडे दिवस मागेपुढे होतं म्हणून, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. पण मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं आपल्याला कॅन्सर झाला किंवा आपण मुलगी होतोय. माझ्याकडे असाच एक मुलगा "फार चिडका झालाय, पोहणं सोडलं, दार लावतो" म्हणून आणला होता. आईला बाहेर बसवलं, शर्ट काढायला सांगितला, आत दोन बनियन घातलेली, एप्रिल महिन्यात. गाठ दाखवून सांगितलं की अरे तुझ्या वर्गात दहा जणांना असेल ही, तर तो रडायलाच लागला. औषध काही दिलं नाही. पुढच्या वेळी आई म्हणाली परत पोहायला जातो. म्हणून बाबांनी किंवा डॉक्टरांनी त्याला एकट्याने एकदा हे सगळं नीट सांगावं, गाठ, आवाज फुटणं, रात्री झोपेत वीर्य जाऊन चड्डी ओली होणं, पिंपल्स. त्याने विचारायची वाट बघू नका.

आता आजार. हार्मोनच्या आजाराने वागणं खरोखर पार बदलतं, म्हणून "सोडून दे" म्हणून चालत नाही. थायरॉईड जास्त झालं तर मूल चिडकं, चंचल, रडवेलं होतं, भूक वाढते पण वजन उतरतं, घाम, छातीत धडधड, आणि एक खूण जी मी नेहमी विचारते ती म्हणजे अक्षर. सहावीतली एक मुलगी, हुशार, अक्षर बिघडलं आणि वर्गात लक्ष नाही म्हणून शाळेत सहा महिने बोलणी खात होती, घरी पण मार. मी हात पुढे करायला सांगून त्यावर कागद ठेवला, कागद थरथरत होता. नाडी बसल्या जागी १३०. टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्ततपासण्या केल्या, ग्रेव्ह्ज म्हणजे थायरॉईड जास्त होण्याचा आजार निघाला, ते कमी करणारं कार्बिमॅझोल हे औषध सुरू केलं आणि दोन महिन्यांत तीच मुलगी परत पूर्वीसारखी. तिला मारलं होतं या गोष्टीने तिचे वडील माझ्यासमोर किती वेळ मान खाली घालून बसले होते ते मी विसरलेले नाही.

आणि याच्या उलटं पण होतं. थायरॉईड कमी असलेलं मूल शांत, आज्ञाधारक, एका जागी बसून अभ्यास करणारं, सगळे कौतुक करतात, फक्त दोन वर्षांत उंची वाढलेली नसते. गोळी सुरू केली की तीन महिन्यांनी आई तक्रार घेऊन येते, डॉक्टर तुमच्या गोळीने मुलगा बिघडला, उड्या मारतो, उत्तरं देतो, मार्क पण कमी झाले. मला तिला समजवावं लागतं की हाच तुमचा मुलगा आहे, आधीचा जो होता तो आजारी होता. स्वभाव म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातलं किती रक्तातून येतं हे मला अशा केसेसनी शिकवलं. जन्मल्यानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत तर थायरॉईडशिवाय मेंदू नीट वाढतच नाही, तेव्हाचं नुकसान नंतर भरून येत नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींच्या टीमने मिठात आयोडीन घालून गलगंड, म्हणजे थायरॉईडची गळ्यातली सूज, कमी होतो हे दाखवलं, त्यातूनच पुढे आपल्या देशात आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम आला. घरात कुणी गरोदर असेल तर बाळाची टीएसएच टेस्ट जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी होते ना हे हॉस्पिटलला आत्ताच विचारून ठेवा, सगळीकडे आपोआप करत नाहीत.

मग तुमच्या मुलाचं आजार की वय हे कसं ओळखायचं? सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे उंची-वजन. या वयात मुलगा वर्षाला ७ ते १० सेंटीमीटर वाढत असायला हवा, पँट आखूड होतायत, बूट लहान होतायत, भूक वाढली आणि वजनही वाढतंय तर मला फार काळजी वाटत नाही. उंची थांबलीय, किंवा खातो भरपूर पण वजन उतरतंय, तर टीएसएच आणि फ्री टी४ करायचं. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं आणि वजन कमी असेल तर शुगर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. हिमोग्लोबिन मात्र मी या वयात जवळपास सगळ्यांचंच बघते, कारण लोह कमी असलेलं पोर पण चिडचिडं आणि थकलेलं असतं आणि घरी त्याला आळशी म्हणतात. कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन वगैरे बाकीच्या हार्मोन्सचं पॅकेजमध्ये असतं ते लक्षणं नसताना करून फक्त गोंधळ वाढतो.

दिरांच्या औषधाबद्दल. वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं असतात, पण ती ज्या मुली ८ च्या आधी किंवा मुलं ९ च्या आधी वयात येतात त्यांच्यासाठी. चौदाव्या वर्षाकडे आलेल्या मुलाचे हार्मोन दाबले तर उंची आणि हाडांची मजबुती दोन्हीचं नुकसान. शिवाय लेव्हल कमी करून राग कमी होईल हा समजच चुकीचा आहे. बायकांच्या पाळीआधीच्या चिडचिडीवर १९९८ मध्ये अमेरिकेत झालेला अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. हार्मोन आधी बंद केले आणि मग परत दिले, तर ज्यांना मुळात हा त्रास होता त्यांनाच तो परत झाला, ज्यांना नव्हता त्यांना तेच हार्मोन देऊन काहीच झालं नाही. लेव्हल सारखी, मेंदू वेगळा. बहुतेक जणींचे रिपोर्ट नॉर्मल येतात ते म्हणूनच, आणि त्यावरून त्यांना "तुला काही झालेलं नाही" म्हणणं हा अन्याय आहे.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदास, मित्र सोडले, जे आवडायचं त्यात रस नाही, मार्क एकदम कोसळले, मरणाबद्दल बोलणं किंवा हातावर कापल्याच्या खुणा, तर ते वय नाही आणि हार्मोनही नाही, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत पण बोलतात. आणि बदल अगदी अचानक झाला असेल, एखाद्या आठवड्यातच, तर शाळेत, क्लासला किंवा ओळखीत कुणी त्रास देतंय का हे आधी शोधा.

तुम्ही लिहिलेल्यात मला आत्तापर्यंत अपुरी झोप आणि दुखावलेला मान या दोनच गोष्टी ठळक दिसतायत, पण समोर न बघता मी शंभर टक्के कसं सांगू. गेल्या वर्षीची आणि आत्ताची उंची-वजन शाळेच्या कार्डावर असेल, ते इथे टाका, रात्रीचा क्लास किती वाजता सुटतो तेही, आणि चिडचिड सुट्टीच्या दिवशी, पोटभर झोपल्यावर कमी असते का ते या दोन रविवारी बघून सांगा.